अंदमानात निवांत आठवडा: मराठवाड्यातून शहीद द्वीपला कसं जावं, कसं राहावं

मराठवाड्यातून अंदमानला जाणाऱ्या बहुतेक सहली सहा दिवसांत तीन-चार बेटं उरकतात. पहाटे उठा, बॅगा भरा, बोटीच्या रांगेत उभे राहा, नव्या खोलीत बॅगा उघडा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बघून भरपूर होतं, विश्रांती होत नाही. ज्यांना खरोखर विसावा हवा आहे त्यांनी एकच बेट निवडावं आणि तिथे किमान चार, जमल्यास पाच रात्री मुक्काम ठोकावा. त्यासाठी आमची पसंती शहीद द्वीपला, म्हणजे पूर्वीच्या नील बेटाला आहे.

आधी नावांचा घोळ मिटवू, कारण बुकिंग करताना तिथेच गडबड होते. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. विमानाच्या आणि बोटीच्या संकेतस्थळांवर अजून दोन्ही नावं दिसतात. नाव कुठलंही असलं तरी जागा तीच.

स्वराज द्वीप मोठं आहे. तिथे राधानगरचा प्रसिद्ध किनारा आहे, स्कूबा डायव्हिंगची केंद्रं जास्त आहेत, गर्दीही जास्त. शहीद द्वीप लहान आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाचेक किलोमीटर, सायकलवर आरामात अर्धा तास. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांचं इथे पुनर्वसन झालं. भातशेती, भाजीचे मळे, सुपारी-नारळाच्या बागा, आणि गावांची नावं सीतापूर, भरतपूर, रामनगर, लक्ष्मणपूर. शेतकरी घरातल्या माणसाला इथे बांधावर उभं राहून बोलायला विषय लगेच मिळतो. गाडी-घोडा कमी, रात्री शांतता. विश्रांतीला हेच हवं.

लक्षद्वीपही सुंदर आहे, पण तिथे भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो आणि राहायच्या जागा मोजक्या आहेत. श्री विजयपुरम, स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप यांना भारतीय नागरिकांना वेगळा परवाना लागत नाही, आधार कार्ड पुरतं. पहिल्यांदा बेटावर जाणाऱ्या कुटुंबाला अंदमानच सोपं.

महिना आणि तिथी

जानेवारीचा मध्य ते एप्रिलचा शेवट हा उत्तम काळ. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये समुद्र सर्वांत शांत असतो आणि पाणी नितळ असतं. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार जातो तेव्हा तिथे ३२-३३ अंश असतात, मात्र दमट हवेमुळे घाम वाळत नाही.

दिवाळीची सुट्टी सोयीची वाटते, पण तो काळ जोखमीचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात चक्रीवादळं होतात आणि ईशान्य मोसमी पाऊस असतो. बोटी रद्द झाल्या की सगळं वेळापत्रक कोसळतं. मे महिन्याच्या उत्तरार्धात मान्सून देशात सर्वांत आधी अंदमानातच पोचतो, त्यामुळे शाळा सुटल्यावर जायचं असेल तर मेच्या पहिल्या आठवड्याच्या आत परत या. डिसेंबरचा शेवटचा आठवडा टाळा, त्या दिवसांत खोल्या महाग आणि बोटी भरलेल्या असतात. शेती करणाऱ्यांना तुरीची रास झाल्यावर आणि हरभरा काढणीला येण्याआधी, म्हणजे जानेवारीच्या उत्तरार्धात, मोकळे दिवस मिळतात. ते इथे नेमके बसतात.

महिना ठरला की तिथी बघा. याकडे बहुतेक लोक दुर्लक्ष करतात, आणि समुद्राचा अर्धा आनंद त्यातच असतो. शहीद द्वीपभोवती प्रवाळाचे उथळ खडक आहेत. ओहोटीला पाणी इतकं उतरतं की पोहायला खोली उरत नाही, नुसते खडक उघडे पडतात. पौर्णिमा आणि अमावास्येच्या सुमारास उधाण असतं: भरती मोठी, ओहोटीही खोल. अष्टमीनंतरच्या दोन-तीन दिवसांत दोन्हींमधला फरक सर्वांत कमी, त्यामुळे प्रवाळावर दिवसभर बऱ्यापैकी पाणी राहतं.

म्हणून बेटावर शुद्ध दशमी-एकादशीला पोचा आणि पौर्णिमेला किंवा तिच्या दुसऱ्या दिवशी निघा. सुरुवातीचे दिवस पाण्यात तोंड घालून मासे बघायला चांगले, शेवटचे दिवस खोल ओहोटीत खडकांवर चालायला. शिवाय रोज संध्याकाळी वाढता चंद्र.

प्रवासाचा आराखडा

एकूण सात रात्री धरा: श्री विजयपुरमला जाताना एक, शहीद द्वीपवर पाच, परतताना श्री विजयपुरमला एक. घर ते हैदराबाद आणि हैदराबाद ते घर हे दिवस वेगळे.

नांदेड, परभणी, जालना, लातूर या भागातल्या लोकांना हैदराबादमार्गे जाणं बरं. अजिंठा आणि देवगिरी एक्स्प्रेस छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड करत तिकडे जातात. लातूर, उदगीरकडून बसही सोयीची. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, त्या दिवशीच करा. शमशाबादचा विमानतळ शहरापासून लांब आहे. सिकंदराबाद किंवा काचीगुड्याहून तिथे पोचायला दीड तास हाताशी ठेवा. गाडी उशिरा धावू शकते, म्हणून विमानाच्या आदल्या दिवशी दुपार-संध्याकाळपर्यंत हैदराबादला पोचून मुक्काम करावा. सकाळच्या विमानासाठी त्याच पहाटे पोचणाऱ्या गाडीवर विसंबणं ही या प्रवासातली सर्वांत महाग पडणारी चूक आहे.

संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावरून निघायचं असेल तर एकाच तिकिटावर जोडविमान घ्या. दोन वेगळी तिकिटं स्वस्त दिसतात, पण पहिलं विमान उशिरा आल्यामुळे दुसरं चुकलं तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. बीड, धाराशिवच्या लोकांनी पुण्याहून निघण्याचाही विचार करावा. अंदमानला चेन्नई आणि कोलकात्याहून विमानं जास्त असतात. चेन्नईहून साधारण सव्वादोन तास लागतात. चेन्नई, कोलकाता, विशाखापट्टणमहून जहाजंही आहेत, पण समुद्रात तीन-चार दिवस जातात. आठवड्याच्या सुट्टीला ते परवडत नाही.

बुकिंगचा क्रम असा ठेवा: आधी विमान, मग खोली, मग रेल्वे, शेवटी बोट. विमान दोन-तीन महिने आधी. बोटीचं तिकीट महिनाभर आधी काढावं, पण विमानाच्या वेळा पक्क्या झाल्याशिवाय काढू नये.

आणि एक नियम कधीही मोडू नका: बोट आणि मुख्य भूमीकडचं विमान एकाच दिवशी ठेवायचं नाही. समुद्र खवळला की प्रशासन बोटी थांबवतं, त्यापुढे कुणाचं चालत नाही. परतीची श्री विजयपुरमची रात्र त्यासाठीच राखलेली आहे. ती कापून बेटावर एक रात्र वाढवण्याचा मोह होतो. कापू नका.

खोली ठरवताना फोनवर काय विचारावं

संकेतस्थळावरचे फोटो भरतीच्या वेळी काढलेले असतात, त्यामुळे प्रत्यक्ष बोलूनच खोली घ्या. वीज गेल्यावर जनरेटरवर पंखा चालतो की एसीसुद्धा, हे विचारा. किनारा पायी किती मिनिटांवर आहे, आणि तो पोहण्याजोगा आहे की नुसता खडकाळ, हे विचारा. खिडक्यांना जाळी आहे का? जेटीवरून, म्हणजे बोटीच्या धक्क्यावरून, आणायला गाडी येते का? स्वयंपाकघर किती वाजता बंद होतं? खोली रद्द केली किंवा बोट रद्द झाली तर पैशांचं काय? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लेखी मागून घ्या, व्हॉट्सॲपवर आलं तरी चालेल.

ठिकाणांपैकी भरतपूरचा किनारा जेटीला लागून आहे. सोयीचा, पण दहा वाजल्यापासून दिवसभराच्या सहलींचे लोक आणि पाण्यावरच्या खेळांचा आवाज असतो. लक्ष्मणपूरच्या बाजूला सूर्यास्त दिसतो, सीतापूरला सूर्योदय. शांतता हवी असेल तर लक्ष्मणपूर किंवा रामनगरकडची जागा घ्या आणि भरतपूरला सकाळी लवकर जाऊन या.

पाण्याबद्दल एक विनंती. अंदमानात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तरी लहान बेटावर गोडं पाणी साठवायला जागा कमी, त्यामुळे उन्हाळ्यात टंचाई जाणवते. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेने पाणी आलं होतं, तेव्हा बादलीची किंमत वेगळी सांगायला नको. समुद्रातून आल्यावर शॉवर सोडून उभं राहण्याऐवजी एका बादलीत आंघोळ उरका.

बॅग

बहुतेक स्वस्त तिकिटांवर १५ किलो सामान आणि हातात ७ किलो चालतं. तेवढं पुरेसं आहे. सुती, सैल कपडे घ्या. जीन्स नको, तिथल्या हवेत ती दोन दिवस वाळत नाही. पाण्यात उतरायचे दोन जोड हवेत, एक ओला असताना दुसरा. बायकांनी साडी किंवा ओढणीसह पाण्यात जाऊ नये. कापड पाणी पिऊन जड होतं आणि पायात अडकतं. पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि लेगिंग्ज सर्वांत बरे. ऊनही लागत नाही, प्रवाळाने खरचटतही नाही.

मागे पट्टा असलेली रबरी सँडल प्रत्येकाला हवी. साधी चप्पल पाण्यात निघून जाते. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त, ऑक्सिबेन्झोन हे रसायन नसलेलं, कारण ते रसायन प्रवाळाला मारक ठरतं. उन्हात जाण्याआधी वीस मिनिटं लावा आणि दर दोन तासांनी पुन्हा. आपण उन्हात वाढलेली माणसं, आपल्याला काय लागणार, असं समजू नका. पाण्यावरून परतणारं ऊन मानेला आणि पोटऱ्यांच्या मागच्या बाजूला भाजतं, आणि रात्री पाठीवर झोपता येत नाही.

औषधांत नेहमीच्या गोळ्या दोन-तीन दिवस जास्तीच्या धरून, ओआरएसची दहा पाकिटं, जंतुनाशक मलम, ताप आणि ॲलर्जीच्या गोळ्या, डास पळवणारं मलम. बेटावर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, मोठं रुग्णालय मात्र श्री विजयपुरमला, जी. बी. पंत रुग्णालय. हृदयविकार, डायलिसिस किंवा अवघड गर्भारपण असलेल्यांनी बेटावरचा लांब मुक्काम टाळून शहरातच राहावं.

पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवायची. अख्खं सुकं खोबरं विमानात चालत नाही, तेव्हा चटणीसाठी वाट्या नेऊ नका, चटणीच करून न्या. रोख रकमेचा अंदाज घेऊन श्री विजयपुरमलाच पैसे काढा. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आल्यापासून इंटरनेट बरंच सुधारलं, तरी बेटावर यूपीआय अडकतं आणि एटीएम मोजकी आहेत. माणशी रोज हजार रुपये धरून रोख ठेवलेली बरी.

बोट

श्री विजयपुरम ते शहीद द्वीप सुमारे चाळीस किलोमीटर. खासगी बोटी सव्वा ते दीड तास घेतात, काही स्वराज द्वीपमार्गे जातात आणि जास्त वेळ लावतात, म्हणून थेट फेरी निवडा. तिकीट दीड हजारांच्या आसपास सुरू होतं. प्रशासनाच्या जहाज सेवा संचालनालयाची बोट बरीच स्वस्त, थोडी हळू, पण तिची तिकिटं पटकन संपतात. सरकारी बोट फिनिक्स बे जेटीवरून सुटते, खासगी हॅडोहून. तिकिटावरचं जेटीचं नाव वाचूनच रिक्षात बसा. दोन्हीकडे एक तास आधी पोचायचं, मूळ ओळखपत्र हातात ठेवायचं.

घाट चढताना एसटीत ज्यांना मळमळतं त्यांना बोटीत हमखास मळमळणार. ॲवोमाइनसारखी गोळी निघण्याआधी एक ते दोन तास घ्यावी. बोट हलायला लागल्यावर घेतली तर ती काम करायच्या आत उलटी होते. या गोळीने झोप येते. लहान मुलं आणि गर्भवतींना डॉक्टरांना विचारूनच द्या. पोट रिकामं ठेवू नका आणि तेलकटही खाऊ नका. दोन पोळ्या किंवा केळ पुरे. जागा मागता आली तर बोटीच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर घ्या, तिथे हेलकावे कमी. मोबाइल बंद, नजर खिडकीतून क्षितिजावर. बंद बोटींत एसी फार थंड असतो, एक शाल हाताशी असू द्या.

म्हाताऱ्या माणसांना चढताना-उतरताना मदत लागते. फळी हलते, आणि लाटेने बोट वर-खाली होते. बोट वर येईल तेव्हाच पाऊल टाकायचं, आणि कर्मचाऱ्याचा हात घट्ट धरायचा. पाण्याची बाटली, पिशवी असं काहीही त्या वेळी हातात नको.

दिवस सूर्यावर बसवा

अंदमानात घड्याळ आपलंच, पण सूर्य वेगळा. संभाजीनगर ७५ रेखांशावर, श्री विजयपुरम जवळपास ९३ वर. त्यामुळे तिथे सूर्य आपल्यापेक्षा सत्तरेक मिनिटं आधी मध्यावर येतो. जानेवारीच्या शेवटी पावणेसहाला उजाडतं आणि सव्वापाचच्या पुढे मावळतं. एप्रिलमध्ये पाच-सव्वापाचलाच उगवतो. जे घरच्या सवयीने आठला उठतात त्यांचा पोहण्याचा सगळ्यात चांगला वेळ गेलेला असतो आणि दुपारी चारला बाहेर पडेपर्यंत अंधार समोर येतो.

म्हणून पहिल्या रात्री साडेआठलाच झोपा. पाचला उठा, चहा घेऊन किनाऱ्यावर जा. साडेआठला नाश्ता, साडेअकराला जेवण, मग तीनपर्यंत पंख्याखाली झोप किंवा वाचन. तीन ते साडेपाच पुन्हा बाहेर, सातला जेवण. दोन दिवसांत अंगाला हे वळण लागतं. दुपारच्या तीन तासांत फिरायला जायचा आग्रह मुलांसमोरही सोडून द्या. त्या उन्हात दमट हवेने जीव कासावीस होतो आणि संध्याकाळ वाया जाते. दिवसाला माणशी तीन लिटर पाणी, त्यातलं एखादं शहाळं. बेटावर शहाळी भरपूर मिळतात.

फिरायला सायकल घ्या. रस्ते फारसे चढाचे नाहीत. घेताना ब्रेक, घंटा आणि टायरची हवा बघा. संध्याकाळी टॉर्च जवळ ठेवा, पूर्ण बेटावर दिवे नाहीत.

समुद्राशी वागणं

मराठवाड्यातली बरीच माणसं विहिरीत पोहायला शिकलेली असतात आणि चांगली पोहतात. त्या आत्मविश्वासानेच समुद्रात घोटाळा होतो. विहिरीचं पाणी जागेवर असतं, कठडा चार हातांवर असतो. समुद्राचं पाणी तुम्हाला घेऊन चालतं. खाऱ्या पाण्यात तरंगायला सोपं जातं, पण परत येणं अवघड होतं.

भरती-ओहोटी दिवसातून दोनदा. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तासांहून थोडा जास्त वेळ, आणि वेळा रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकतात. घरच्या दिनदर्शिकेतल्या भरतीच्या वेळा मुंबईच्या असतात, त्या इथे चालत नाहीत. पोर्ट ब्लेअर नावाने तक्ता शोधा आणि मुक्कामाचे सगळे दिवस कागदावर उतरवून खोलीच्या दाराला लावा. आणखी एक हिशेब लक्षात ठेवा: पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. पहिल्या तासात बाराव्या हिश्श्याएवढंच उतरतं, तिसऱ्या आणि चौथ्या तासांत मिळून निम्मं उतरतं. भरतीनंतर दोन तास निवांत वाटतं आणि पुढच्या दोन तासांत खडक अचानक वर येतात, ते यामुळे. तुम्ही तेव्हा आत असाल तर लाट तुम्हाला प्रवाळावर घासत आणते. पाण्यात जाण्याची वेळ भरतीच्या एक तास आधीपासून एक तास नंतरपर्यंत, एवढीच.

लाटा फुटत असताना मध्ये एखादा पट्टा गडद आणि शांत दिसतो. मुलांना तिथेच उतरावंसं वाटतं. ते पाणी आत ओढणाऱ्या प्रवाहाचं असतं. कुणी सापडलंच तर किनाऱ्याकडे जोर लावू नका, दमछाक होऊन माणूस बुडतो. किनाऱ्याला समांतर, बाजूला पोहत प्रवाहाबाहेर या आणि मग वळा. दमलात तर पाठीवर तरंगा आणि हात वर करा.

खाऱ्या पाण्यातल्या मगरी अंदमानात आहेत. खाड्या, खारफुटी आणि जिथे सूचनाफलक आहे तिथे पाण्यात पाय घालू नका. स्थानिक माणूस नको म्हणाला तर कारण विचारत बसू नका. अंधारात पोहणं नाहीच.

स्नॉर्केलिंग म्हणजे मुखवटा आणि नळी लावून पाण्यावर पालथं तरंगणं. पोहता न येणारेही लाइफ जॅकेट घालून, जाणकार सोबत असेल तर करू शकतात. मुखवटा निवडताना पट्टा डोक्यावर न घेता तो नुसता चेहऱ्यावर ठेवा आणि नाकाने श्वास आत ओढा. हात सोडल्यावर तो पडला नाही तर तो तुमचा. भरघोस मिशीतून पाणी शिरतं, कारण रबर कातडीला चिकटत नाही. मिशीवर व्हॅसलिनचा जाड थर द्या, अडचण बरीचशी सुटते. काच धुरकट होऊ नये म्हणून आतून थुंकी चोळून एकदा विसळा. मग कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून, फक्त तोंड पाण्यात घालून पाच मिनिटं तोंडाने श्वास घ्यायचा सराव करा. घाबरगुंडी उडते ती या पाच मिनिटांना फाटा दिल्यामुळे. जॅकेटचे सगळे पट्टे, पायांमधला असेल तर तोही, आवळा. नाही आवळला तर जॅकेट हनुवटीपर्यंत वर येतं. आणि काहीही झालं तरी प्रवाळावर उभं राहायचं नाही. तो दगड दिसतो, पण सजीव आहे, आणि वर्षाला अगदी थोडा वाढतो.

प्रवाळाने खरचटलं तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा, आत अडकलेले बारीक कण मऊ ब्रशने काढा, जंतुनाशक लावा. हे कण राहतात म्हणूनच या जखमा चिघळतात. मधुमेह असलेल्यांनी अशी जखम आरोग्य केंद्रात दाखवावीच.

पहाटे आणि संध्याकाळी वाळूत बारीक माश्या चावतात. दिसत नाहीत, पण दुसऱ्या दिवशी खाज सुटते आणि आठवडाभर टिकते. पायांना खोबरेल तेल जाड चोळा, त्यात त्या अडकतात. उघड्या वाळूवर न बसता चटई अंथरा. खाजवू नका.

पौर्णिमेच्या सुमारास लक्ष्मणपूरजवळच्या नैसर्गिक दगडी पुलाकडे जा. ओहोटीच्या वेळेआधी दीड तास पोचायचं आणि पाणी फिरताच निघायचं. वाट ओल्या, शेवाळलेल्या खडकांवरून जाते. सँडल घट्ट करा, एक पाऊल पक्कं झाल्याशिवाय दुसरं टाकू नका, आणि स्थानिक वाटाड्या घ्या. खडकांतल्या डबक्यांपाशी वेळ द्या. एखादा मोठा शिंपला उघड्या तोंडाने बसलेला असतो, ओठ निळे-जांभळे. तुमची सावली पडली की तो ओठ आत घेतो. मागे सरा, दोन मिनिटं हलू नका, आणि तो सावकाश पुन्हा उघडताना दिसेल. बाजूला काळी समुद्रकाकडी वाळू गिळत पडलेली असते. कशालाही हात लावू नका. काही शंखांतले जीव विषारी असतात.

खाणं

बेटावर भात, डाळ, मासे आणि ताजी भाजी. चव बंगाली आणि दक्षिणी वळणाची. मासे खाणाऱ्यांनी सकाळीच स्वयंपाकघरात विचारून ठेवावं, त्या दिवशीचा मासा मिळतो. माळकरी आणि शाकाहारी मंडळींची उपासमार होत नाही, फक्त तवा आणि कढई वेगळी हवी हे खोली घेतानाच सांगा. ऐनवेळी सांगितलं तर होत नाही.

भाकरी मिळणार नाही. घरून नेलेले धपाटे त्या हवेत दुसऱ्या दिवशीच बुरसतात, ते प्रवासातच संपवा. दशम्या थोड्या जास्त टिकतात. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भाजलेले शेंगदाणे, गूळ हे हवाबंद डब्यात आठवडाभर राहतं, पण ओला चमचा घालायचा नाही. मेतकूट-भातावर एक जेवण सहज निघतं.

नियम आणि परतीचा दिवस

जारवा आणि इतर आदिवासींच्या राखीव क्षेत्रात प्रवेश १९५६ च्या कायद्याने बंद आहे. त्यांना बघायला नेतो असं कुणी म्हटलं तर साफ नाही म्हणा. तो गुन्हा आहे, आणि त्या माणसांचा अपमानही. ड्रोन परवानगीशिवाय उडवू नका.

परतीच्या दिवशी सकाळची बोट घ्या, म्हणजे श्री विजयपुरमला दुपारी सेल्युलर जेल बघता येतं. हे बांधकाम १९०६ मध्ये पूर्ण झालं. तेव्हा सात भुजा होत्या, आज तीन उरल्या आहेत. १९७९ मध्ये ते राष्ट्रीय स्मारक झालं. स्वातंत्र्यवीर सावरकर १९११ ते १९२१ इथे होते. त्यांची कोठडी वरच्या मजल्यावर असल्याने जिने चढावे लागतात. गुडघे दुखणाऱ्यांनी खालच्या प्रांगणात आणि प्रदर्शनात वेळ घालवावा. आत किमान दोन तास द्या.

स्कूबा डायव्हिंग केलं असेल तर शेवटचा बुडीचा क्षण आणि विमान यांत २४ तासांचं अंतर ठेवा. पाण्याखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, आणि विमानातल्या कमी दाबात त्याचे बुडबुडे होऊन जिवावर बेतू शकतं. म्हणून डायव्हिंग मुक्कामाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच उरका. दमा किंवा हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांचा लेखी सल्ला.

किनाऱ्यावरून उचललेलं प्रवाळ, मेलेलं असलं तरी, नेणं गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे आणि विमानतळावर बॅगा तपासल्या जातात. मुलांचे खिसे आणि सँडलचे कोपरे आदल्या रात्रीच बघा. शंखशिंपल्यांच्या वस्तू घ्यायच्या असतील तर परवानाधारक दुकानातून घ्या आणि पावती बॅगेत वरच्या बाजूला ठेवा.

हैदराबादला विमान उतरल्यावर सामान मिळायला आणि स्टेशन गाठायला मिळून तीन तास लागतात. परतीची गाडी विमान उतरण्याच्या वेळेनंतर किमान पाच तासांनी सुटणारी निवडा. रात्रीची मिळाली तर उत्तम, सकाळी घरी.